मिस्त्रींचा घोडा

मिस्त्रींच्या छातीतला घोडा पहिल्यांदा सुटला तेव्हा लग्न नवं होतं. बायकोला वाटलं, माणूस आपल्याला बघून धडधडतोय. थोडा वेळ ती मनातल्या मनात खूशही झाली. मग मिस्त्री पांढरेफटक पडून जमिनीवरच बसले, आणि प्रेमाने माणसाला एवढा घाम फुटत नाही हे तिच्या लक्षात आलं.

तेव्हाच्या डॉक्टरने एक युक्ती शिकवली होती. ठोके असे बेफाम सुटले की श्वास रोखायचा, तोंड मिटायचं आणि शौचाला बसल्यासारखा पोटात जोर द्यायचा. बहुतेक वेळा ठोके एकदा अडखळतात आणि ताळ्यावर येतात. पण घोडा सुटला की मिस्त्रींना काही सुचायचं नाही, म्हणून आठवण करायचं काम बायकोकडे आलं. ती असेल तिथून ओरडायची, "दाबा!" आणि मिस्त्री दाबायचे. स्वयंपाकघरातून, न्हाणीघराच्या दाराआडून, कुठूनही. एकदा भर बँकेत रांगेत उभ्या असलेल्या नवऱ्याचा चेहरा तिने लांबून पाहिला आणि "दाबा!" म्हणून अशी किंचाळली की पहारेकऱ्याचा हात बंदुकीवर गेला. पुढे कित्येक महिने मिस्त्री त्या बँकेत गेले नाहीत.

बाकी संसारात मिस्त्री बायकोचं किती ऐकायचे हे विचारू नये. पंख्याचा वेग, भिंतीचा रंग, तिच्या भावाशी बोलणं, कशातच नाही. पण हा एक हुकूम त्यांनी कधी मोडला नाही. तो शब्द कानावर पडला की त्यांचं पोट आपोआप आवळायचं. विचार करायला मध्ये जागाच राहिली नव्हती.

मिस्त्री म्हणजे वेल्डर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्या करायचे. त्यांनी मारलेला सांधा घासून रंगवला की लोखंड कुठे जोडलंय हे त्यांचं त्यांनाही सापडायचं नाही. दुसरं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. पण वय वाढलं तसा घोडा वरचेवर सुटायला लागला. एका टाकीच्या शिडीवर असताना तो सुटला आणि वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर पेटत्या रॉडसकट हातातून निसटून खाली उभ्या माणसाच्या पायापाशी पडला. थोडक्यात वाचला बिचारा. त्या दिवशी बायकोने नवऱ्याला हाताला धरून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे हृदयाच्या विजेची डॉक्टर होती.

या डॉक्टरबाई गोड बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. "हृदयात वीज वरून खाली जायला एक हमरस्ता असतो. तुमच्यात त्याला लागून एक पायवाट आहे, जन्मापासूनच. एका वाटेने वीज खाली उतरते, दुसरीने वर चढते, आणि गरागरा फिरत बसते. तोच तुमचा घोडा. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या. कॅथेटर म्हणतात त्यांना. मग घोडा मुद्दाम सोडायचा, पायवाट कुठे आहे ते शोधायचं, आणि कॅथेटरच्या टोकाने तेवढी जागा भाजायची. मेलेल्या वाटेने वीज जात नाही."

"म्हणजे वेल्डिंगच की!" मिस्त्रींचा चेहरा फुलला. "मी जोडतो, तुम्ही तोडता, एवढाच फरक."

"आणखी एक फरक आहे. तुमचं चुकलं तर तुम्ही ग्राइंडर मारून पुन्हा करता. मला ती सोय नाही." डॉक्टरबाईंनी दोन रेघांच्या मधल्या फटीवर पेन टेकवलं. "हमरस्ता इथेच बाजूला आहे, काही मिलिमीटरवर. शंभरात एखाद्याचा भाजतो. मग वरची वीज खाली पोचतच नाही. पेसमेकर बसवावा लागतो."

"बसवला तर?"

"तर जगाल. खा, प्या, फिरा. पण वेल्डिंगला मी परवानगी देणार नाही. एवढा करंट हातात घेऊन उभं राहिलं की पेसमेकर फसू शकतो. त्या करंटचा गोंधळ म्हणजेच हृदयाचे ठोके, असं त्याला वाटतं. हृदय आपलं आपण चाललंय ना, मग मी कशाला, म्हणून तो गप्प बसतो. आणि तो गप्प बसला की हृदयही गप्प."

बायको पडली धीराची. "शंभरात एक ना? मग नव्व्याण्णव आपले," ती म्हणाली.

घरी जाताना रस्त्यात मिस्त्री मध्येच थांबले. "पण तो एक कोणीतरी असतोच ना गं," ते म्हणाले. "तोही असाच बायकोबरोबर घरी गेला असेल, नव्व्याण्णव आपले म्हणत."

"अशुभ बोलू नका," ती म्हणाली आणि भराभरा पुढे चालायला लागली.

ठरलेल्या दिवशी सकाळीच त्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर बायको आणि तिची थोरली नणंद. नणंदबाईंना सगळे आक्का म्हणत. आक्का येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "आमच्या भावाचं झालं का हो?" त्यात एक फरशी पुसणारा होता आणि एक दुसऱ्याच रोग्याचा मेहुणा. बायको मात्र दाराकडे बघत होती. दारावरचा लाल दिवा पेटलेला होता, आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. वेल्डिंगचं काम चालू असलं की निदान कळतं तरी, असं तिच्या मनात आलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई स्वतःच बाहेर आल्या. अंगावर जड एप्रन, कपाळावर आठ्या. "घोडा सुटतो आणि क्षणात बंद पडतो. तो पळत राहिल्याशिवाय मला वाट सापडणार नाही. घरी आपोआप थांबतो का?"

"आपोआप कसला!" आक्का म्हणाल्या. "ही ओरडते तेव्हा थांबतो. दाबा म्हटलं की दाबतो तो."

डॉक्टरबाईंच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "म्हणजे आत ते स्वतःच दाबतायत. मी दोनदा सांगितलं, हलू नका, जोर करू नका. मला म्हणतात, मी काहीच करत नाही."

"खोटं नाही बोलत ते," बायको म्हणाली. "त्यांना कळतही नसेल."

"जित्याची खोड," आक्कांनी सुरुवात केली, पण म्हणीचा शेवट आठवून त्या मध्येच गप्प झाल्या.

"जास्त गुंगी दिली तर घोडाही झोपतो. मला ते जागेच हवेत." डॉक्टरबाईंनी बायकोकडे पाहिलं. "तुमचं ऐकतात ना? आत या. तुम्हीच सांगा, दाबू नका म्हणून."

कल्पना वाईट नव्हती. कोणालाही हीच सुचली असती. पण त्या खोलीत शिरताना बायको दाराशीच थबकली. तिला परत फिरावंसं वाटलं. पण बाहेर आक्का होत्या, मागे दार लागलं होतं, आणि आपल्या भित्रेपणामुळे काम अडलं असं व्हायला नको होतं.

काचेच्या अलीकडे लहानशी खोली होती. पडदेच पडदे, आणि त्यांच्यासमोर स्वेटर घालून बसलेला एक तंत्रज्ञ. काचेपलीकडे मिस्त्री निळ्या चादरीखाली झोपलेले. तिला त्यांचे फक्त तळवे दिसत होते, टाचांच्या भेगांत अजून लोखंडाची काळी धूळ अडकलेली. घासून पाठवायला हवं होतं, असं तिला वाटलं.

तंत्रज्ञाने तिला खुर्ची दिली आणि समोरचा वाकडा माईक तिच्याकडे वळवला. त्याच्या बुडाशी एक लाल ठिपका उजळला, म्हणजे माईक चालू. "ही वरची रेघ हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, ही खालच्या कप्प्यांची. असं अंतर ठेवून ठोके आले की ठीक. अशी दाटी झाली की समजायचं, घोडा सुटला. बोला."

"अहो, मी आहे."

तळवे हलले. "तू कुठे?" भिंतीतल्या स्पीकरमधून मिस्त्रींचा आवाज आला.

"काचेमागे. ऐका, आता दाबायचं नाही. कितीही पळाला तरी नाही. डॉक्टरबाईंना तो पळताना बघायचाय."

"बघू दे. तिकीट लाव." त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

"चेष्टा पुरे. पोट सैल सोडा."

डॉक्टरबाईंनी घोडा सोडला. पडद्यावर दाटी झाली. आजवर हा घोडा तिने फक्त नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिला होता, आता तो हिरव्या रेघांत दौडताना दिसत होता आणि चेहरा मात्र दिसत नव्हता. तिच्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला. तिने मुठीचं हाड दातांत धरलं. "असू दे," ती माईकमध्ये म्हणत राहिली. "पळू दे त्याला. मी आहे इथे." तळवे सैल होते. मिस्त्रींनी खरोखरच दाबलं नाही.

"सापडली वाट," डॉक्टरबाई आतून म्हणाल्या. त्यांनी घोडा शांत केला. रेघांमधलं अंतर पुन्हा पहिल्यासारखं झालं. तंत्रज्ञ तिच्याकडे बघून हसला. तिच्या जिवात जीव आला. आता काम झाल्यातच जमा आहे असं तिला वाटलं. माईकच्या बुडाचा ठिपका तसाच लाल होता.

तिला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. भाजणं बरोबर जागी लागलं की हृदय काही क्षण आपलं आपणच पळतं. ते चांगलं लक्षण असतं, आत उभी असलेली माणसं त्याचीच वाट बघत असतात. रोजच्या सवयीचं एवढं काय सांगायचं? तंत्रज्ञाला सुचलं नाही, डॉक्टरबाई कामात होत्या, आणि ती स्वतः विचारणार तरी काय.

"भाजते आता. कोणी हलायचं नाही," डॉक्टरबाईंनी पायाखालचं पेडल दाबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग रेघांमधलं अंतर कमी झालं. अचानक दाटी झाली. तंत्रज्ञ समाधानाने पुढे वाकला. बायकोने ती दाटी पाहिली, आणि इतक्या वर्षांचा संसार तिच्या तोंडून एका शब्दात बाहेर पडला.

"दाबा!"

काचेपलीकडे तळवे ताठ झाले. चादर पोटावर उचलली गेली. डॉक्टरबाई ओरडल्या, त्यांचा पाय पेडलवरून सुटला, पण तेवढ्यात कॅथेटरचं टोक जिथे जाऊ नये तिथे घसरलं होतं.

वरच्या रेघेवर ठोके येत होते. खालच्या रेघेवर काहीच नव्हतं. वरून हाका जात होत्या आणि खाली घरात कोणी नव्हतं. ती बघत होती. तळवे हळूहळू सैल होऊन बाहेरच्या बाजूला कलले.

तंत्रज्ञाने झडप घालून बटणं फिरवली. खालच्या कप्प्यात आधीच एक तार ठेवलेली होती, तिच्यातून त्याने हृदयाला धक्के द्यायला सुरुवात केली. खालच्या रेघेवर रुंद, ओबडधोबड ठोके उमटायला लागले. मिस्त्रींना खोकला आला. जिवंत होते ते. मग कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने माईकचं बटण बंद केलं.

डॉक्टरबाईंनी एकदाच काचेकडे मान वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बायकोने त्या पदरात घेतल्या असत्या. त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "सूज असेल. उतरेल कदाचित. थांबून बघू."

थांबून बघितलं. अतिदक्षता विभागात मिस्त्रींच्या उशाशी एक लहान पेटी टांगलेली होती, तीच त्यांचं हृदय चालवत होती. रोज सकाळी डॉक्टरबाई येऊन तिचा वेग हळूहळू कमी करायच्या. हृदय स्वतःहून पुढे येतंय का, हे बघायचं होतं. ते येत नव्हतं. मिस्त्रींचे डोळे फिरायला लागायचे आणि वेग पुन्हा वाढवावा लागायचा. बायको दारात उभी राहून प्रत्येक वेळी मनाशी म्हणायची, आज उतरेल सूज.

"माझ्यामुळे झालं हे," तिने डॉक्टरबाईंना गाठून सांगितलं.

"माईक आम्ही बंद करायला हवा होता. पळणार आहे हेही आधी सांगायला हवं होतं. ती चूक आमची," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे खरं होतं, आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

आक्कांनी तर भावालाच विचारलं, "आत नक्की काय झालं रे?"

"मीच दाबलं," मिस्त्री छताकडे बघत म्हणाले. "सवय. दुसरं काय."

बायकोच्या हातात पाण्याचा जग होता. तो तिने खाली ठेवला, न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि तोंडावर हात दाबून रडली. नवऱ्याने सगळ्यांदेखत तिचं नाव घेतलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. त्यानंतर त्या दोघांत ती गोष्ट कधी निघाली नाही. मिस्त्रींनी आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. उलट पंख्याचा वेग तिच्या मनासारखा ठेवायला लागले. त्याची तिला भीती वाटायची.

सूज उतरलीच नाही. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत पेसमेकर बसला. घोडा कायमचा गेला होता, पण आता मिस्त्रींना स्वतःचा एक ठोकाही उरला नव्हता. डॉक्टरबाईंनी घरी सोडताना पुन्हा बजावलं, वेल्डिंगच्या मशीनला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी मान हलवली.

टाके भरून आले. मिस्त्री घरात बसून राहायला लागले. शेडमध्ये एका गिऱ्हाइकाचं फाटक अर्धवट उभं होतं, त्याचे फोन येत होते आणि मिस्त्री ते उचलत नव्हते. बायको म्हणाली, दुकानात रंग विकायला बसा, हार्डवेअरवाला विचारत होता. ते "बघू" म्हणाले.

मग एका दुपारी ती भांडी आवरत असताना समोरच्या भिंतीवर निळा उजेड लकाकला. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती धावत शेडमध्ये गेली. मिस्त्रींनी डोक्याला मास्क चढवला होता, उजव्या हातात होल्डर होता. लोखंडी पट्टीच्या एका तुकड्यावर त्यांनी नुसता ओरखडा मारून पाहिला होता.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

त्यांनी मास्क वर केला. चेहरा शांत होता. "डॉक्टरबाई म्हणाल्या, फसू शकतो. फसतोच असं नाही म्हणाल्या. मला बघायचंय." त्यांनी डावा हात पुढे केला. "नाडी धर. थांबली की सांग."

"नाही धरणार. आधी ते बंद करा!"

"मग तू बाजारात गेलीस की एकटाच बघेन." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की ती हबकली. "तुझ्यासमोर केलेलं बरं ना?"

तिने मनगट धरलं. दुसरं काय करणार होती? नाडी बोटाखाली ठणठणीत लागत होती, एकसारखी, मशीनच्या शिस्तीने. मिस्त्रींनी मास्क खाली घेतला. तिने मान फिरवून तोंड भिंतीकडे केलं. रॉड लोखंडाला टेकला, चरचर आवाज झाला, आणि भिंतीवर दोघांच्या सावल्या एकदम मोठ्या झाल्या.

नाडी लागली. पुन्हा लागली. तिला वाटलं, होईल, सगळं होईल, माणूस उद्यापासून कामाला लागेल. पुढचा ठोका आला नाही.

तिने बोट आणखी रुतवलं. काही नाही. गेल्या वेळी असंच झालं होतं, असंच काहीतरी दिसलं होतं आणि ती ओरडली होती. आता चूक असेल तर? बोट नीट जागेवर नसेल तर? तोंड उघडं होतं आणि त्यातून हवाच बाहेर पडत नव्हती. चरचर चालूच होती. बोटाखाली नुसतं कातडं होतं, उबदार आणि गप्प.

मिस्त्रींचे गुडघे वाकले. रॉड लोखंडावरून सुटला, करंट तुटला, उजेड गेला, आणि ते तिच्या अंगावर कलंडले. तिने त्यांना कसंबसं स्टुलावर बसवलं, मास्क ओढून काढला. ओठ पांढरे पडले होते. बोटाखाली पहिला ठोका आला तेव्हा तिला जोरात हुंदका फुटला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "थांबली होती?"

खोटं बोलायला ती अजूनही मोकळी होती. "थांबली होती," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली. एकेक बोट ओढत हातमोजे काढले, वाकून मेन स्विच बंद केला. "त्या गिऱ्हाइकाला फोन कर. फाटक दुसऱ्याकडून पुरं करून घ्या म्हणावं."

"करते."

ते उठले नाहीत. समोरच्या अर्धवट सांध्याकडे बघत बसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, फक्त न समजल्यासारखं काहीतरी होतं.

"अगं, पण तू ओरडली का नाहीस?" ते म्हणाले. "मी तुझ्या आवाजाची वाट बघत होतो."